मौखिकीला या, प्रश्न विचारा



तत्त्वज्ञान घेतलंय म्हटल्यावर ‘मग पुढे काय?’ हे आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी प्रत्येकाने ऐकलेलं असणार. नातेवाइकांसाठी तुम्ही एखादं उत्तर बेतून ठेवलंच असेल, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचं आहे ते पीएच.डी.ची पदवी मिळवण्यासाठी ज्या अटी घातल्या जातात, त्यांतल्या एकीबद्दल.

पीएच.डी.च्या मंडळींना सगळ्या अटी तोंडपाठ असतील. नेट किंवा पेट, मुलाखत, किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, त्यात ५५ टक्के, दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे हजेरी, कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, वाङ्मयचौर्याची तपासणी, विद्यापीठाबाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी त्यात दोन मोठे बदल केले. शोधनिबंध आधी छापून आणण्याची सक्ती गेली. ते बरंच झालं, कारण त्या सक्तीवर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं दुकान चालत होतं. एम.फिल. मात्र बंद झालं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला एकच युक्तिवाद धरून शंभरेक पानं नेटाने लिहिण्याची ती तालीम होती. आता तो थेट प्रबंधात उडी घेतो आणि पहिली दोन वर्षं विषय आवळण्यातच जातात.

पण माझा मुद्दा मौखिकीचा आहे. नियम सांगतो की प्रबंध सादर करण्यापूर्वीचं सादरीकरण आणि शेवटची मौखिक परीक्षा, दोन्ही खुली असतात. विभागातल्या शिक्षकांना, संशोधकांना, विद्यार्थ्यांना तिथे बसता येतं. प्रत्यक्षात काय दिसतं? टेबलावर काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची बांधणी. पुढच्या रांगेत उमेदवाराचे आईवडील, मागे रिकाम्या खुर्च्या, कोपऱ्यात पेढ्यांचे खोके. बाहेरगावच्या परीक्षकांची परतीची गाडी पाचची, म्हणून गाइडचं लक्ष घड्याळाकडे. पहिला प्रश्न, हा विषय का निवडलात? दुसरा, याचा समाजाला उपयोग काय? मग शाल, श्रीफळ आणि फोटो. साखरपुड्यासारखं सगळं आधीच ठरलेलं असतं.

इतर विषयांत हे एक वेळ चालून जाईल. तिथे आकडे असतात, प्रयोग असतात, ते पुन्हा तपासता येतात. आपल्याकडे तपासण्याची जागा म्हणजे समोरच्याची शंका, दुसरी नाही. भारतीय दर्शनकारांना हे पक्कं ठाऊक होतं. आधी पूर्वपक्ष, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या ताकदीने, आणि मग आपलं उत्तर. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ घ्या. स्वतः अद्वैती असलेला हा लेखक ग्रंथाची सुरुवात चार्वाकापासून करतो. चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले. आज आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतो ते बरंचसं त्यांच्या विरोधकांनी त्यांचं म्हणणं लिहून ठेवलं म्हणून. आता एखादा ताजा प्रबंध उघडा आणि विरोधी मताला किती पानं दिली आहेत ते मोजा. बहुधा समारोपाच्या आधीचा एक परिच्छेद मिळेल, तोही ‘काही टीकाकारांच्या मते’ असा.

कोलंबिया विद्यापीठात एके काळी प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पीएच.डी. प्रदान होत नसे. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्क सोडलं १९१६ मध्ये. त्यांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध लंडनच्या पी. एस. किंग यांनी छापला १९२५ मध्ये, आणि पदवी रीतसर मिळाली १९२७ मध्ये. विषय अर्थशास्त्राचा होता, पण अट विचार करण्याजोगी आहे. लिहिलेलं कोणाही अनोळखी वाचकाच्या हाती पडलं पाहिजे, त्याला ते खोडता आलं पाहिजे. आज आपले प्रबंध ‘शोधगंगा’वर चढतात, कोणालाही फुकट वाचता येतात. वाचून वाद घालणारे किती, हे तुम्हीच बघा.

मराठीत हा वाद घालायची सोय नाही, असं कोणी म्हणू नये. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली तयार झालेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ १९७४ पासून आपल्याकडे आहे. सुरेंद्र बारलिंगे यांनी पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून ‘परामर्श’ हे मराठी त्रैमासिक सुरू केलं. मे. पुं. रेगे यांनी वाईच्या ‘नवभारत’मधून अवघडातले अवघड प्रश्न सरळ मराठीत मांडले. भाषेला बोल लावण्याआधी एवढं तरी चाळावं.

तुमच्यातले काही उद्या महाविद्यालयात शिकवतील, काही स्पर्धा परीक्षांकडे वळतील, काही पीएच.डी.ला नोंदणी करतील. जे शिकवणार आहेत, त्यांनी आपल्या एम.ए.च्या मुलांना मौखिकीला घेऊन जावं आणि आधल्या आठवड्यात प्रबंधाचं एक प्रकरण त्यांच्याकडून वाचून घ्यावं. जे संशोधन करणार आहेत, त्यांनी आपल्या गाइडला आजच सांगून टाकावं की माझ्या मताशी ज्यांचं पटत नाही अशाच परीक्षकांची नावं सुचवा. आणि सूचनाफलकावर मौखिकीची तारीख लागली की आमंत्रणाची वाट पाहू नका. जा, मागच्या रांगेत बसा, आणि अध्यक्षांनी ‘कोणाला काही विचारायचं आहे का?’ असं म्हटलं की हात वर करा.