डॉ. अनिल अवचट : जाऊन पाहणारा लेखक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे चरित्र सांगण्याचा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा मी डॉ. अनिल अवचट यांचे नाव सुचविले, तेव्हा कार्यकारी मंडळातील एका वयोवृद्ध सभासदांनी मला बाजूस घेऊन विचारले, "ते आपल्यापैकी का हो?" आपल्यापैकी ते नव्हते. परंतु त्यांच्या लेखनातील काही भाग आपल्या उंबरठ्याच्या आत येऊन पोहोचलेला आहे, असे मला वाटते. हे ऐकूनही चालकांनी मला बोलावयास उभे केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

अवचटांचा जन्म १९४४ साली पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील ओतूर या गावी झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. येथवरचा वृत्तांत आपल्या स्मरणिकेतील गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत सहज शोभला असता. पुढे मात्र या गाडीने सांधा बदलला. बिहारमधील पूर्णिया जिल्ह्यात जाऊन तेथील जमीनदारांचा दरारा आणि भूमिहीनांचे जिणे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि त्यावर 'पूर्णिया' हे आपले पहिले पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर दवाखाना थाटून बसणे त्यांच्या हातून झाले नाही. 'साधना', 'मनोहर' यांसारख्या नियतकालिकांतून आणि दिवाळी अंकांतून ते लिहू लागले.

आता व्यावहारिक प्रश्न असा, की घर कोणी चालविले? ते चालविले त्यांच्या पत्नीने. डॉ. सुनंदा अवचट या मनोविकारतज्ज्ञ, येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरीस होत्या. त्यांनी कमवावे व यांनी लिहावे, असे उभयतांनी विचारपूर्वक ठरविले होते. मुलींना त्यांनी नगरपालिकेच्या शाळेत घातले. आपल्या समाजात डॉक्टर जावयाने असा बेत सांगितला असता, तर सासऱ्याने काय केले असते याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

अवचटांच्या लेखनाची पद्धत साधी होती. ज्या विषयावर लिहावयाचे त्या जागी जावयाचे, तेथील माणसांजवळ बसावयाचे, आणि अगदी बाळबोध वाटावेत असे प्रश्न विचारावयाचे. दिवसाची मजुरी किती? काम किती वाजता सुरू होते? मूल कोणाजवळ ठेवता? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या स्त्रियांविषयी 'अंधेरनगरी निपाणी' हा त्यांचा लेख आहे. तंबाखू कुटताना, चाळताना उडणारी धूळ नाकातोंडात जात आहे, मजुरी तुटपुंजी आहे, आणि मालकापुढे ब्र काढण्याची सोय नाही, हे सारे तेथे चढ्या आवाजावाचून सांगितले आहे. लेखक संतापलेला आहे हे वाचकास कळते, पण तो संताप विशेषणांत उधळलेला नाही. हमाल, विडी कामगार, हळदीच्या व्यापारात राबणारे मजूर, दुष्काळात गाव सोडून शहराच्या कडेला येऊन पडलेली कुटुंबे यांच्याकडेही ते याच रीतीने गेले. निबंधाची परंपरा आपल्या भाषेत मोठी आहे. तथापि निबंधकार बहुधा खोलीत बसून विचार करीत असे. अवचटांनी ती खोली सोडली, हे मला त्यांचे मोठे कार्य वाटते. वृत्तपत्रातील मजकूर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. त्यांचे वृत्तांत पुस्तकरूपाने टिकले, त्याचेही कारण हेच असावे. त्या दिवसांची हकीकत 'रिपोर्टिंगचे दिवस' या पुस्तकात त्यांनी स्वतःच दिली आहे.

'कोंडमारा' या पुस्तकाचा उल्लेख ज्ञातिसंस्थेच्या सभेत टाळणे सोयीचे झाले असते. दलितांवर जेथे अत्याचार घडले तेथे जाऊन त्यांनी ते लेख लिहिले. जातीची ऊब आपण या मांडवात अनुभवीत आहोत. शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधुवर-सूचक मंडळ ही त्या उबेची फळे आहेत, आणि मी स्वतः ती चाखली आहेत. त्याच जातीची धग गावकुसाबाहेर कशी लागते, हे त्या पुस्तकात आहे. तरुण सभासदांनी ते वाचावे, आणि वडीलधाऱ्यांनी वाचू द्यावे. 'संभ्रम'मध्ये बुवाबाजीचा जो समाचार आहे, त्याविषयी मी अधिक बोलत नाही. पहिल्या रांगेतील काही मंडळींची मर्जी मला राखावयाची आहे.

आता उंबरठ्याच्या आतील विषयाकडे येतो. १९८०च्या दशकात शहरांतून 'गर्द' या नावाचे मादक द्रव्य तरुणांच्या हाती पडू लागले. अवचटांनी नेहमीच्या पद्धतीने त्या मुलांना गाठले आणि लिहिले. ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. या मुलांसाठी काही उभे करा, असे सांगून त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपयांची देणगी दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची धुरा सुनंदाताईंनी उचलली. पत्रकाराच्या लेखातून संस्था उभी राहिली, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. तेथील कार्यकर्त्यांत स्वतः व्यसनातून सुटलेले पुष्कळ आहेत. नव्या रुग्णाने एखादी थाप मारली तर ती त्यांना चटकन ओळखू येते, हा त्यातील मोठाच लाभ. अवचटांना तेथे सगळे 'बाबा' म्हणत.

मंडळी, हा विषय मी येथे का काढला? आपल्या सभासद कुटुंबांत व्यसन नाही, असे आपण धरून चालतो. मंडळाच्या कामानिमित्त माझे अनेक घरी जाणेयेणे असते. मुलगा 'परगावी नोकरीला आहे' असे सांगितले जाते, आणि आतल्या खोलीत तो झोपलेला असतो. धाकटीचे लग्न व्हावयाचे आहे, ज्ञातीत बोलबाला होईल, या भीतीने आईबाप तोंड उघडीत नाहीत. सुनेला माहेरी बोलू देत नाहीत. ज्या मंडळाने अशा कुटुंबाचा आधार व्हावे, त्याच मंडळाचा त्यांना धाक वाटतो, ही गोष्ट मला बोचते. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट आहे. नवऱ्याच्या व्यसनाविषयी त्या एकमेकींशी मोकळेपणाने बोलतात. अशी बैठक आपल्या सभागृहात महिन्यातून एकदा, नावे न विचारता, का भरू नये? वधुवर-सूचक मंडळाच्या चालकांनी याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

सुनंदाताई १९९७ साली कर्करोगाने वारल्या. अवचट पुढेही लिहीत राहिले. बासरी वाजवीत, लाकडातून शिल्पे कोरीत, कागदाला घड्या घालून पक्षी करीत, आणि ते जवळच्या मुलांना देऊन टाकीत. मुलांसाठी लिहिलेल्या 'सृष्टीत... गोष्टीत' या पुस्तकास साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली लाभला. २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुक्तांगणाचे काम त्यांच्या कन्या मुक्ताताई पुणतांबेकर यांनी पुढे चालविले.

'माणसं', 'गर्द' आणि 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती मी मंडळाच्या ग्रंथालयास आज देत आहे. त्या घरी नेणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहू नये, एवढे ग्रंथपालांना माझे सांगणे आहे.