घसरत्या क्लचचे तास कोणाच्या नावावर?



निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेसाठी जमीन सपाट करायची म्हटली की डोझर आला. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तिने मातीकामात आणखी भर घातली. नवा डोझर घेण्याची आपली ऐपत नाही. जुना घ्यायचा, नाहीतर तासावर आणायचा. तासाचा भाव आपण तासभर घासाघीस करून ठरवतो. क्लच कसा आहे, हे मात्र विचारत नाही. क्लच घसरतो तेव्हा इंजिन बोंबलते, माती जागची हलत नाही. डिझेल जळते, मीटर पळते. भाव स्वस्त आणि काम महाग!

जुन्या डोझरला दोन बाजूंना दोन स्टिअरिंग क्लच असतात. त्यात प्लेटांची थप्पी असते : एक लायनिंगची, एक पोलादी, पुन्हा लायनिंगची. स्प्रिंगा ही थप्पी दाबून धरतात. लायनिंग झिजले की थप्पी बारीक होते, स्प्रिंगा सैल पडतात. भरल्या ब्लेडने सरळ जाताना मशीन आपोआप एका अंगाला ओढू लागले, तर त्या अंगाचा क्लच घसरतो. लिव्हर ओढूनही वळत नसेल, तर तो सुटत नाही. दोन्ही रोगांना औषध एक नाही.

उघडण्याआधी लिव्हरचा ढिलेपणा पाहावा. तो मुळीच नसेल तर क्लच कायम अर्धा सुटलेला राहतो. मग नव्या प्लेटाही जळणार.

‘प्लेटा बदलून टाकू’ एवढ्यावर मिस्त्रीला सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोलादी प्लेट जाड सपाट काचेवर ठेवून फिलर गेज घालून पाहावी. वाकलेली किंवा तापून निळी पडलेली प्लेट परत बसवू नये. स्प्रिंगांची उंची एकमेकींशी आणि पुस्तकातल्या मापाशी ताडावी. ड्रमच्या दात्यांना खाचा पडल्या असतील तर प्लेटा तिथे अडकतात, क्लच सुटत नाही. हे पाहायला फक्त बोट फिरवावे लागते! कोरड्या क्लचमध्ये तेल आढळले तर सील आधी बदलावे. तेलातल्या क्लचच्या नव्या प्लेटा बसवण्याआधी त्याच तेलात भिजत ठेवाव्यात. दाबलेल्या स्प्रिंगांचे बोल्ट एकदम काढू नयेत, सगळे थोडे थोडे सैल करावेत. स्प्रिंग उडाली तर डोळा जातो. जुन्या लायनिंगच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता मागणी. मशीन आपले असेल तर जुन्या प्लेटा परत मागा, थप्पीचे जुने-नवे माप बिलावर लिहून घ्या. मशीन भाड्याचे असेल तर ब्लेड भरून, लिव्हरला हात न लावता, शंभर फूट सरळ चालवून दाखवायला सांगा. आणि ही चाचणी मीटरचा आकडा लिहून घेण्याआधी घ्या.