मातीची वही



मातीत सारे जिरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. शेण, पालापाचोळा, उष्टे-खरकटे, जे टाकावे ते माती पचवते आणि त्याचेच धान्य करून परत देते. ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. माती कुजणारे पचवते. धातू कुजत नाही. तो मातीच्या वहीत जमेला पडून राहतो. याचा दाखला म्हणून जपानातल्या एका नदीची हकीकत आम्ही आज आपल्यापुढे ठेवतो.

तोयामा प्रांतातून जिन्झू नदी वाहते. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम नावाचा धातू निघतो. तो सांडपाण्याबरोबर नदीत गेला, पाटाच्या पाण्याने खाचरांत आला, गाळात बसला. भाताच्या मुळांनी तो उचलला आणि माणसांच्या पानात आणून वाढला.

पुढे गावातल्या उतारवयाच्या बायका, विशेषतः बरीच बाळंतपणे झालेल्या, कंबर धरून चालू लागल्या. खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. त्या ‘इताई, इताई’ म्हणून कण्हत. म्हणजे ‘दुखते हो, दुखते’. तेच रोगाचे नाव पडले.

असे का व्हावे? कॅडमियम मूत्रपिंडात ठाण मांडते. त्यातले निम्मे बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षे लागतात. मूत्रपिंडातल्या ज्या सूक्ष्म नलिका उपयुक्त क्षार शरीराला परत देतात, त्या निकामी होतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट लघवीवाटे जाते, हाडे मऊ पडतात.

हागिनो नोबोरू हे तिथले गावातले डॉक्टर. १९४६ साली युद्धावरून परतून त्यांनी वडिलोपार्जित दवाखाना चालवायला घेतला. हा रोग खाणीच्या विषाचा, असे ते म्हणू लागले तेव्हा त्यांची टवाळी झाली. पण ते हटले नाहीत. १९६८ साली सरकारने त्यांचे म्हणणे मान्य केले. त्याच वर्षी गावकऱ्यांनी मित्सुई कंपनीवर दावा लावला आणि १९७१ साली तो जिंकला. १९७२ साली अपिलातही निकाल त्यांच्याच बाजूने लागला.

परंतु श्रोतेहो, खटला संपला तरी माती शुद्ध होत नाही. विषारी थर खाली गाडून त्यावर स्वच्छ माती पसरण्याचे काम २०१२ साली पुरे झाले. सुमारे ८६० हेक्टर जमिनीला तीस वर्षांहून अधिक काळ लागला! ज्या बायका गेल्या, त्यांना ही माती काय कामाची?

कोणी विचारील, मग कारखाने बंद करायचे काय? आमचे तसे म्हणणे नाही. १९७२ च्या करारान्वये गावकरी आपल्या शास्त्रज्ञांना घेऊन कारखान्यात शिरून तपासणी करू लागले, आणि नदी सुधारली. शेजाऱ्याला दार उघडे असले म्हणजे घर नीट राहते, तसेच हे आहे.

आणि केवळ कारखान्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांत हाच धातू असतो. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण त्या कचऱ्याच्या ढिगात न टाकता परत देण्याचे काम आपलेच आहे. आपण विसरलो तरी माती विसरत नाही, आणि तिची वसुली नातवंडांच्या पानातून होते.