शेडमधले खत आणि विहिरीतले पाणी



कुक्कुटपालकांच्या परिषदेतही स्वागताध्यक्षाने आपल्या जिल्ह्याचे, म्हणजे इथे बीडचे, गुणगान करावे, अशी रीत आहे. परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईचे मुकुंदराज यांची ओळख मी करून देण्याची गरज नाही. मी फक्त बीड शहराजवळच्या खजाना विहिरीकडे बोट दाखवतो. निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीचे पाणी भुयारी मार्गाने शिवारात जाते. या मुलखाने पाण्याचा विचार नेहमी जमिनीखालून केला आहे, आणि पोल्ट्रीच्या घाणीचा विचारही तिथूनच सुरू करावा, एवढेच आज मला मांडायचे आहे. ग्रामपंचायतीत तक्रार येते ती वासाची आणि माश्यांची. ती खोटी नाही, पण वास वाऱ्याबरोबर जातो. विष्ठेतला नत्र नायट्रेट होऊन खडकात उतरला की मात्र लवकर निघत नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालाने नायट्रेटच्या बाबतीत देशातले सर्वाधिक बाधित १५ जिल्हे नोंदवले. त्यांतले सात महाराष्ट्रातले आहेत आणि त्या सातांत बीड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. राज्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ३६ टक्के या मर्यादेपलीकडे गेले. असे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडू शकते. पाणी उकळून हा दोष जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. बालाघाटाच्या आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते भेगांमध्ये, आणि माथ्यावरची माती अनेक ठिकाणी वीतभरच असते. पहिल्या जोरदार पावसात वरचे विरघळलेले सगळे खाली जाते. यावर कोणी म्हणेल की हा दोष युरियाचा, शोषखड्ड्यांचा, गोठ्यांचा आहे. सगळा कोंबड्यांच्या माथी का मारता? आक्षेप रास्त आहे. नायट्रेटच्या कणावर मालकाचे नाव नसते, आणि आजच्या आकड्यात पोल्ट्रीचा वाटा किती, असे बोट ठेवून दाखवता येत नाही. पण भांडे आधीच काठोकाठ भरले असेल तर नवे ओतणाऱ्याला जास्त जपावे लागते, आणि पोल्ट्री हा या जिल्ह्यातला वाढता जोडधंदा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो शेतकऱ्याचाच आहे: ही घाण कुठे आहे, हे तर सोने आहे! आपल्या जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी, शेणखत मिळेनासे झालेले, मग कोंबडीखत नाकारायचे कसे? नाकारू नयेच. पण त्याची ताकद ओळखावी. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, तर कोंबडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास. चार टनांची एक ट्रॉली नत्राच्या हिशेबाने युरियाच्या जवळपास सहा गोण्यांइतकी भरते. ट्रॉली रिकामी करून वर पुन्हा नेहमीचा युरिया टाकणारा शेतकरी पिकाला नव्हे, विहिरीला खत घालतो. शिवाय ते कच्चे टाकले तर पीक करपते, जंतू जातात, आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत माशीची नवी पिढी उभी राहते. उपाय ठाऊक नाही असेही नाही. पाणी पाजण्याचे गळके निपल बदलून कोंबड्यांखालचा तूस कोरडा ठेवायचा. बॅच निघाल्यावर तूस-विष्ठेच्या थरात उसाचे पाचट किंवा बारीक केलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या मिसळायच्या, ओल बेताची ठेवून ढीग चाळवायचा, आणि वर पाऊस लागू द्यायचा नाही. ढीग ५५ अंशांपुढे तापून काही दिवस राहिला की बहुतेक रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या मरतात. ज्या जिल्ह्यात पाचट अजूनही बांधावर पेटवले जाते, तिथे ढिगात घालायला कर्ब मिळत नाही म्हणणे जरा धाडसाचेच! शेडमध्ये डोळ्यांना झोंबणारा अमोनिया म्हणजेही त्याच खतातला उडून जाणारा नत्र. शेजाऱ्याचा त्रास आणि मालकाचा तोटा इथे एकाच वाटेने बाहेर पडतात.

मरतुकीबद्दल मात्र कसलीही सवलत मागू नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या आणि त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या मृत कावळ्यांतही तो विषाणू सापडला. ओढ्यात फेकलेली मेलेली कोंबडी कुत्री आणि कावळे गावभर नेतात. औषधांचेही तसेच: कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवायचे प्रतिजैविक केंद्राने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंद केले. कोंबडीला दिलेल्या औषधाचा काही भाग आणि औषधाला न जुमानणारे जंतू विष्ठेतून शेतात उतरतात, ही त्यामागची एक चिंता होती.

आता कायदा. पूर्वी लाखभर पक्ष्यांच्या फार्मांपुरती असलेली प्रदूषण मंडळाच्या संमतीची अट २०२१ च्या सुधारित सूचनांनी ५,००० पक्ष्यांवर आणली. चांगले झाले. तरीही एका शिवारात चार-चार हजारांचे पाच शेड उभे राहिले तर कागदावर पाचही लहान, आणि विहिरीसाठी वीस हजार पक्षी. तेव्हा मोजमाप फार्मचे नव्हे, शिवाराचे हवे. यावर सर्वांत प्रामाणिक हरकत अशी की लहान माणसाला हा खर्च पेलणार नाही. दुष्काळात ऊसतोडीला न जाता गावात राहण्याची सोय तो शेडमध्ये शोधतो आहे. मान्य. म्हणूनच कंपनीशी होणारा संगोपनाचा करार पाहावा. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे आणि तयार पक्षीही कंपनीचा. शेतकऱ्याकडे राहते ते शेड, वीजबिल, मजुरी आणि विष्ठा. चांगल्या बॅचचे खत विकून त्याला चार पैसे मिळतात हे खरे, पण मेलेल्या पक्ष्यांचा खड्डा, ढिगावरचे छप्पर आणि विहिरीची तपासणी यांचा भार प्रति किलो संगोपन दरात धरलेला नसतो. तो धरावा, असे कलम प्रत्येक करारात यावे आणि गावाच्या सामाईक खत-छपरासाठी कंपन्यांनी वाटा उचलावा, असा ठराव या परिषदेपुढे ठेवण्याची विनंती मी करतो. कंपन्यांचे प्रतिनिधीही सभागृहात आहेत. त्यांचेही स्वागत, आणि त्यांचे उत्तर दुपारच्या सत्रात ऐकायला मिळावे.

अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रे स्वीकारावीत.