शेवाळाची भूक

आपल्या निमगाव केतकीत पानमळा असो की डाळिंबाची बाग, उन्हाळ्यात शेततळ्याचा मोठा आधार. पण ऊन तापलं की तळ्याचं पाणी हिरवं होतं, ठिबकच्या नळ्या तुंबतात, आणि फिल्टरची जाळी घासायचं काम बहुतेक आपल्याच वाट्याला येतं. म्हणून हे शेवाळ जेवतं कसं, ते आज आम्ही सांगणार आहोत. त्याचं जेवण कळलं की त्याला आवर घालायचा रस्ताही कळतो.

गर्द हिरव्या पाण्याच्या एका थेंबात शेवाळाच्या हजारो पेशी असतात. एकेक पेशी स्वतंत्र जगते. तिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. ती अंगानंच जेवते. तिच्या पातळ पडद्यात बारीक दारं असतात. त्यांतून पाण्यात विरघळलेलं नत्र, स्फुरद, पालाश ती आत ओढते. त्याला ताकद लागते, ती उन्हातून मिळते.

दिवसा पेशी खाऊन मोठी होते. रात्री एकीच्या दोन, चार, कधी आठही होतात. सकाळी त्या सगळ्या पुन्हा जेवायला तयार! म्हणून तर हिरवट पाणी चार-आठ दिवसांत गर्द होतं.

आणखी एक गोष्ट. आपण सुगीत कणगी भरतो, तशी पेशीही स्फुरद मिळालं की गरजेपेक्षा जास्त उचलते आणि त्याचे दाणे करून पोटात ठेवते. पुढं पाण्यातलं स्फुरद संपलं, तरी त्या साठ्यावर ती वाढत राहते. एक किलो डीएपीत निव्वळ फॉस्फरस सुमारे २०० ग्रॅम असतो. बाकीचं अन्न मिळालं, तर तेवढ्यावर २० किलोच्या आसपास वाळलेलं शेवाळ तयार होऊ शकतं.

आता मोरचुदाचं बघा. मोरचूद टाकला की शेवाळ मरतं, पाणी निवळतं. पण मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं आणि त्याच्या पोटातलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात उतरतं. नव्या पेशींना आयतं ताट वाढलेलं! कुजताना पाण्यातला प्राणवायूही कमी होतो. तळ्यात मासे सोडले असतील, तर ते दगावतात.

मग करायचं काय? खताची बादली आणि फवारणीचा पंप तळ्यावर धुवायचा नाही. गोठ्याचं आणि रानातून वाहून येणारं पाणी बांध घालून बाहेर वळवायचं. जमलं तर तळ्यावर शेडनेट टाकायचं. ऊन कमी, तशी वाढ कमी. दोऱ्यासारखं शेवाळ जाळीनं ओढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचं. बारीक हिरवं पाणी जाळीत सापडत नाही; ते ठिबकला न देता पाटानं रानात सोडायचं. त्यातलं अन्न पिकाच्या कामी येतं. पेशींच्या पोटात साठा असतो, त्यामुळं फरक लगेच दिसणार नाही. धीर सोडायचा नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय दिसली, तर ते पाणी जनावरांना पाजू नका. ती जात वेगळी, आणि तिच्यातल्या काही विषारी असतात.

तर सख्यांनो, या आठवड्यात गटानं मिळून एकेकीच्या तळ्याला फेरी मारा. कोणत्या बाजूनं शेवाळाला जेवण जातंय ते बघा, आणि आधी तो रस्ता बंद करा.