जी. एं.नी दिलेलं ‘रान’

परदेशी कादंबऱ्यांतली तुमची आवडती कोणती, असं कुणी विचारलं की मी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाचं नाव सांगतो. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी पु. लं.च्या ‘एका कोळियाने’मुळे आपल्या घरोघरी पोचला. रिक्टरच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. पण त्याला मराठीत आणणारा हातही तेवढाच मोठा होता. तो हात जी. ए. कुलकर्णींचा.

रिक्टरच्या तीन सलग कादंबऱ्या १९४०, १९४६ आणि १९५० साली आल्या. जी. एं.नी त्यांना ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ अशी नावं दिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लकेट कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून ओहायोच्या घनदाट अरण्यात येतं. बाप हाडाचा शिकारी. आसपास वस्ती वाढू लागली की त्याचा जीव गुदमरतो. आई त्या काळोख्या रानात खंगत जाते आणि तिच्यामागे सगळं थोरल्या लेकीवर, सेवर्डवर येऊन पडतं.

गुरं आणायला गेलेली धाकटी सुली परत येत नाही, तो भाग मी कितीदा वाचला असेन. सगळी वस्ती रान पालथं घालते. एके ठिकाणी काटक्या रचून केलेलं खेळातलं घर दिसतं, तिच्या कपड्याची चिंधी दिसते. पोर मात्र सापडत नाही. रिक्टर इथे हुंदका काढत नाही, की देवाला बोल लावत नाही. तो फक्त शोध सांगत जातो, आणि आपल्याला पुस्तक खाली ठेवता येत नाही.

पुलित्झर पारितोषिक १९५१ साली मिळालं ते तिसऱ्या कादंबरीला. माझा कौल मात्र ‘रान’ला. पुढे झाडं पडतात, शेतं होतात, गाव वसतं. जन्मभर झाडांचा राग केलेल्या सेवर्डला म्हातारपणी त्यांचीच ओढ लागते. हे समजायला तिन्ही पुस्तकं ओळीनं वाचावी लागतात. अर्थात ते रान रिकामं नव्हतं, तिथे मूळ रहिवासी राहत होते. गोऱ्यांच्या घरात जन्मून या मूळ रहिवाशांत वाढलेल्या मुलाची गोष्ट रिक्टरनं वेगळी लिहिली. तीही जी. एं.नी मराठीत आणली, ‘रानातील प्रकाश’ या नावानं.

स्वतःची कथा एवढी समर्थ असलेला लेखक दुसऱ्याच्या पुस्तकांवर इतके कष्ट घेतो, यातलं प्रेम मला फार मोलाचं वाटतं. आवडलेलं पुस्तक दुसऱ्याला देण्याची याहून उदार रीत मला माहीत नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाला अनुवाद जमणार नाही. पण ग्रंथालयात गेलात तर ‘रान’ मागून पाहा. आवडलं तर शेजारच्या घरी नेऊन द्या, आणि तुमची आवडती परदेशी कादंबरी कोणती, तेही त्यांना सांगा.