एका हाताचा चष्मा

(ग्रामीण नेत्रतपासणी शिबिराच्या समारोपप्रसंगी खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



समारोपाच्या वेळी मी आभाराचे चार शब्द बोलावेत, एवढीच माझ्याकडून अपेक्षा आहे. परंतु सकाळपासून चष्म्यांचे वाटप पाहत असताना एक विषय मनात घोळत राहिला, आणि तो आपणांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते. विषय लहान आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. तो म्हणजे चष्म्याची बिजागरी.

चष्मा लावताना आपण दोन्ही हात वापरतो, ह्याची आपणांस जाणीवही नसते. एका हाताने चौकट धरायची, दुसऱ्याने काड्या उघडायच्या आणि दोन्ही हातांनी तो कानांवर बसवायचा. ज्याचा एक हात अर्धांगवायूने लुळा पडला आहे, ज्याची बोटे संधिवाताने आखडली आहेत, किंवा कुष्ठरोगातून बरे झाल्यावरही ज्याच्या बोटांत बळ राहिलेले नाही, त्याने काय करावे? आणि धडधाकट माणसाचे तरी दोन्ही हात नेहमी कोठे मोकळे असतात? कदंब बसच्या वाहकाचा एक हात दांडीला असतो, आईचा हात कडेवरच्या मुलाला असतो, जाळे सांधणाऱ्याचा हात जाळ्यात गुंतलेला असतो.

इतिहास पाहिला तर मोठी मौज दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत पहिला चष्मा तयार झाला, तेव्हा त्याला काड्याच नव्हत्या. दोन भिंगे दोन दांड्यांत बसवून त्या एका खिळ्याने जोडलेल्या असत. म्हणजे बिजागरी होती, पण ती नाकावर. वाचताना बहुधा हाताने तो आवरून धरावा लागे. पुढे १७३० च्या सुमारास लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट ह्या चष्मेवाल्याच्या जाहिरातपत्रात डोक्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या काड्यांचा चष्मा दिसतो. काड्या आल्या आणि वाचणाऱ्याचा हात मोकळा झाला. परंतु त्याच काड्यांनी चष्मा लावण्यासाठी दोन हात मागितले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाकाला चिमटा घेणारे चष्मे पाश्चात्त्य देशांत रूढ झाले. त्यांतील काही बोटांनी दाबले की उघडत आणि एका हाताने लावता येत. पण ते नाकावरून घसरत, आणि काळाच्या ओघात मागे पडले.

आता बिजागरीची रचना पाहू. चौकटीवर काही बारीक पेरी असतात, काडीवर काही असतात. ती एकमेकांत बसवून मधून स्क्रू घातला की बिजागरी झाली. दाराच्या बिजागरीहून ती वेगळी नाही. मात्र स्क्रूची जाडी जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर आणि काडीची लांबी १४० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या चष्म्याच्या काडीवर आतून ५२, १८, १४० असे आकडे असतील, तर त्यांतील शेवटचा आकडा हीच लांबी होय. तरफेच्या नियमाने काडीच्या टोकाशी बसलेला लहानसा हिसका बिजागरीशी कित्येक पटींनी वाढून पोहोचतो. एका हाताने चष्मा काढणारा माणूस तो नेहमी एकाच बाजूने ओढतो. त्या बाजूची पेरी फाकतात, स्क्रू सैल होतो आणि चौकट तिरकी बसू लागते.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. काही दिवसांनी त्यांनी वर्तमानपत्र वाचणे सोडले. आम्ही घरच्यांनी मानले की आजारामुळे त्यांचे मन उडाले असावे. एके दिवशी त्यांचा चष्मा पुसताना मला काडीच्या टोकावर दातांच्या खुणा दिसल्या. ते काडी दातांत धरून चष्मा उघडत होते. पुढे तेही जमेना. पण मुलाला हाक मारून चष्मा लावून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. वाचनावरचे मन उडालेले नव्हते, बिजागरी घट्ट होती.

एका जुन्या, जाणत्या चष्मेवाल्याने स्प्रिंगच्या काड्या बसवून दिल्या. ह्या काडीच्या पोटात एक लहान स्प्रिंग असते. काडी अर्धी उघडली की उरलेले अंतर ती स्वतःच झटकन पुरे करते, मिटवतानाही तसेच. खिशातल्या चाकूचे पाते मिटते त्याप्रमाणे. शिवाय ती नेहमीच्या मर्यादेपलीकडे थोडी बाहेर झुकते आणि सोडताच परत येते. त्यामुळे एक काडी कानावर ठेवून चौकट चेहऱ्यावर सरकवली की दुसरी काडी आपोआप वाट देते. वडील पुन्हा वाचू लागले. परंतु आठ महिन्यांनी ती स्प्रिंग तुटली. तिचा जोड गावात नव्हता, तालुक्यालाही नव्हता. महिनाभर वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहिले.

म्हणून एका हाताच्या चष्म्याकडून चार गोष्टींची अपेक्षा ठेवावी. काडी उघडल्यावर उघडी राहावी, स्वतःच्या वजनाने मिटू नये. ती अंगठ्याच्या हलक्या दाबाने हलावी, आणि अंगठ्याला पकड मिळेल असे तिचे टोक चौकटीपासून किंचित सुटलेले असावे. ती थोडी बाहेर झुकून परत यावी. आणि चौथी गोष्ट, जी आपण विसरतो, ती गावात दुरुस्त व्हावी. आपल्या किनारपट्टीवर खारा वारा आहे, घाम आहे. लोखंडी स्क्रू गंजतो, तांबे असलेल्या मिश्रधातूवर हिरवट थर चढतो आणि उत्तम बिजागरीही अडकते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करणे, हा त्यावर सोपा उपाय आहे.

चष्म्याच्या चौकटीसाठी आयएसओ १२८७० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील टिकाऊपणाच्या चाचणीत काडीला ५०० वेळा हालचाल दिली जाते. दिवसातून दहा वेळा चष्मा काढघाल करणारा माणूस ५०० चा आकडा पन्नास दिवसांत गाठतो. चष्मा मात्र त्याला वर्षानुवर्षे पुरवायचा असतो.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचे एवढे काय? आसामच्या चहामळ्यांत चाळिशी उलटलेल्या कामगारांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जवळचे दिसण्याचा चष्मा मिळालेल्यांच्या कामात, तो न मिळालेल्यांच्या तुलनेने, सुमारे २२ टक्क्यांची अधिक वाढ आढळली. चष्मा म्हणजे रोजी आहे. परंतु पेटीत पडून राहिलेला चष्मा कोणाचीच रोजी वाढवीत नाही.

अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे की चष्मे स्वीकारताना नमुन्याचा एक चष्मा प्रथम उजव्या आणि मग डाव्या, अशा एकेका हाताने स्वतः उघडून पाहावा. त्यास एक मिनिटही लागत नाही. पुरवठ्याबरोबर जादा स्क्रू, जादा काड्या आणि एक बारीक पेचकस मागून घ्यावा. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला तरफ शिकवताना मुलांना आजी-आजोबांच्या चष्म्याची काडी तपासण्यास सांगावे. आणि ग्रामस्थहो, घरात एका हाताचे माणूस असेल, तर तूर्त एवढे करा. चष्म्याला गळ्यात अडकविण्याची दोरी लावा, आणि रात्री तो न मिटता, काचा वर करून, पसरट डबीत ठेवा. उघडण्याचा प्रश्नच उरत नाही.

आज ज्यांना चष्मे मिळाले, त्यांच्यापैकी कोणी महिन्याभराने वाचणे किंवा सुईत दोरा ओवणे सोडले, तर वयाला बोल लावण्यापूर्वी त्यांचा चष्मा हातात घेऊन पाहा. काडीवर दातांच्या खुणा आहेत का, तेवढे पाहा.